गुहागरची वही, नागपूरची गच्ची

आमच्या आईकडे एक दोनशेपानी वही आहे. पुढच्या पानांवर किराणा, गड्यांची मजुरी आणि कोणाच्या लग्नात काय आहेर केला ते लिहिलेलं. मागच्या वीसेक पानांत घरामागच्या परड्यातल्या पेरणीच्या नोंदी. ‘मृग लागला, भेंडे टोकले.’ ‘पडवळ, शिराळी वर आली, मांडव हवा.’ ‘भात झोडून झालं, मुळा-माठ फेकला.’ गुहागरजवळच्या आमच्या घरी भाजीचं पंचांग म्हणजे ही वही. २०२३ च्या मे महिन्यात नवऱ्याची बदली नागपूरला झाली, तेव्हा मी त्या पानांचे फोटो काढून घेतले, बियांच्या पुरचुंड्या बांधल्या आणि कढीपत्त्याचं एक रोप मांडीवर घेऊन रेल्वेत बसले. वही फोनमध्ये आहे म्हटल्यावर आता काय, असं वाटलं होतं.

पुढची दीड वर्षं त्या वहीनेच मला फसवलं. तिचा काही दोष नाही म्हणा, ती कोकणातली आहे. भाड्याच्या घरात राहून इमारतीची सामाईक गच्ची भाजीसाठी मिळवायची आणि तिथे नागपूरचा उन्हाळा काढायचा, या दोन्ही गोष्टी करताना मला विचारायला कुणी सापडलं नव्हतं. म्हणून तारखा-खर्चासकट लिहून ठेवते.

१ जूनला आम्ही इथे आलो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी आठ बाय चार फूट, तोंड पश्चिमेला. ८ जूनला मृग लागला. वहीप्रमाणे मी भेंडी आणि पडवळ टोकलं. कोकणात मृगाच्या आगेमागे हवा ओलसर होते, दोन सरी येऊन गेलेल्या असतात. इथे दुपारी बेचाळीस अंश. त्या वर्षी पाऊसही उशिरा आला, अख्खं मृग नक्षत्र कोरडं गेलं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात हे कळल्यावर खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. जिथे पोरांना उन्हामुळे जास्त दिवस घरी ठेवतात, तिथे मी बियाणं बाहेर काढलं होतं.

मातीची वेगळीच तऱ्हा. आमच्याकडे जांभ्याची तांबडी माती, पाणी ओतलं की खाली निघून जातं. इथे नर्सरीतून काळी माती आणली, दोनशे रुपयांना चार घमेली. पाणी घातलं की लोण्यासारखी, वाळली की कुंडीच्या कडेने बोटभर फट पडून मधे वीट. पाणी त्या फटीतून थेट खालच्या ताटलीत जायचं आणि मला वाटायचं, व्वा, निचरा छान आहे. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. शेतात तिला खोली असते, कुंडीत ती मुळांना आवळते. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. तिसरा हिस्सा घाला, उरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा).

ऑगस्टपर्यंत बाल्कनीत जगलेल्या गोष्टी तीन: कढीपत्ता, गवती चहा आणि ओव्याच्या पानांचं झाड. पश्चिमेचं ऊन दुपारी दोनला यायचं आणि सहापर्यंत भाजून काढायचं, त्याआधी सगळी सावली. वर गच्ची रिकामी होती. पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि कुणीतरी टाकून दिलेला पलंग, एवढाच संसार.

सेक्रेटरी काकांना जिन्यात विचारलं. ते म्हणाले, “लेखी द्या मॅडम. तोंडी सांगाल तर उद्या सगळेच सांगतील.” इथून पुढे कागद सुरू झाले.

सामाईक गच्ची कुणा एकाच्या मालकीची नसते. इमारत सोसायटी असो की अपार्टमेंट असोसिएशन (नागपुरात हा दुसरा प्रकार बराच दिसतो), एका घराला ती स्वतःपुरती वापरायची तर कमिटीची आणि बहुधा सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. त्यात आम्ही भाडेकरू. म्हणजे अर्ज आमचा असला तरी तो घरमालकांमार्फत जायला हवा. मालक पुण्याला असतात. मी २ ऑगस्टला त्यांना मेल केला, उत्तर एकोणीस दिवसांनी आलं. मधे दोनदा फोन केला, ते दोन्ही वेळा “हो हो, करतो” म्हणाले. शेवटी मीच मजकूर टाइप करून पाठवला आणि म्हटलं, काका, फक्त सही करून फोटो पाठवा. त्याच दिवशी आला. ज्याच्याकडून पत्र हवंय त्याच्यासाठी ते आपणच लिहून द्यावं, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

२१ ऑगस्टला अर्ज दिला. सोबत मालकांचं पत्र, भाडेकराराची प्रत आणि गच्चीचा मी पट्टीने काढलेला नकाशा. नकाशात कुठे झाडांच्या किती पिशव्या (ग्रो बॅग), पाणी कुठून, सांडपाणी कुठे, सगळं दाखवलं होतं. दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ अशी तारखेसकट सही घ्या. मी घेतली होती, कारण सप्टेंबरात “अर्ज आलाच नाही” हे वाक्य मला ऐकायला मिळालं.

विषय वार्षिक सभेत घ्यायचं ठरलं. सभा रविवारी, २४ सप्टेंबरला. आणि २३ तारखेच्या पहाटे नागपुरात तो पाऊस झाला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. मी कोकणातली, पावसाला काय घाबरायचं! पण आमच्याकडे पाणी उतारावरून समुद्राकडे पळतं. इथे ते पार्किंगमध्ये येऊन बसलं आणि उठेचना. सभेच्या दिवशी सगळे सभासद बादल्या घेऊन खाली होते. माझा विषय निघणं शक्यच नव्हतं, आणि मी काढलाही नाही.

नवी तारीख निघाली ८ ऑक्टोबर. एका आजोबांनी पितृपक्षाचा मुद्दा काढला, त्यावर दुसरे म्हणाले, “शुभकार्य कुठं आहे जी, मेंटेनन्स वाढवून राहिले.” सभा झाली. माझा विषय अकरावा, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे’ याच्या बरोबर आधी. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, लोकांना जेवायचं होतं. हरकती चार आल्या: गळती, डास, कबुतरं आणि “भाडेकरूला कशाला?” पहिल्या तीनची उत्तरं मी कागदावर नेली होती. चौथीला काय उत्तर देणार? वरच्या मजल्यावरच्या काकूंनीच ते दिलं. “भाजी मालकाची असो की भाडेकरूची, वास सारखाच येते.” मंजुरी मिळाली, पण अटींसह: स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र, दहा हजार परतीची अनामत आणि मुदत अकरा महिने.

इंजिनियरची भेट ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली. फी साडेतीन हजार. जीव वर-खाली झाला, पण दिले. त्यांनी आधी विचारलं, “पिशवी केवढी?” म्हटलं, बारा बाय बारा इंच. त्यांनी माझ्याच कागदाच्या मागे गणित मांडलं. अशी पिशवी गळ्यापर्यंत भरली तर जवळपास बावीस लिटर. नुसती ओली माती भरली तर वजन पस्तीस किलोच्या पुढे. कोकोपीट-खताचं हलकं मिश्रण असेल तर वीस-बावीस. लोक चढू शकतात अशी गच्ची आपल्याकडच्या मानकात दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो भारासाठी धरतात, आणि त्यात माणसं, साठलेलं पाणी, सगळं आलं. “दीडशे लिहिलंय म्हणून दीडशे ठेवायचे नाहीत,” ते म्हणाले. मग खडूने गच्चीवर दोन पट्टे आखून दिले, खालून तुळया जातात तिथे. चौरस मीटरला तीनच पिशव्या, त्या विटांवर उचललेल्या, म्हणजे खालचा स्लॅब दिसत राहील आणि वाळत राहील. पाण्याच्या निचऱ्याच्या तोंडापासून दोन फूट लांब. मोठे ड्रम नाहीत.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, तेवढ्याने साडेतीन हजार वसूल झाले: “सुरू करण्याआधी खालच्या फ्लॅटच्या छताचे फोटो काढून ठेवा. तारीख दिसेल असे.” मी वरच्या मजल्यावरच्या तिन्ही घरांत चहा पीत पीत छताचे फोटो काढले. लोक हसले. हे प्रकरण पुढे येणार आहे.

दिवाळी आडवी आली, सेक्रेटरी गावाला गेले. हमीपत्र, नोटरी, अनामतीचा चेक, पोचपावती असं करत परवानगीचं पत्र हातात पडलं १६ नोव्हेंबरला. अर्जापासून सत्त्याऐंशी दिवस. पत्र अडीच ओळींचं होतं.

खर्च सांगते, कारण शोधताना मला कुठेच नीट आकडे मिळाले नव्हते. इंजिनियर ३,५००. स्टॅम्पपेपर आणि नोटरी मिळून ३५०. सव्वीस ग्रो बॅग १,८२०. कोकोपीटच्या पाच किलोच्या तीन विटा ६६० (एक वीट भिजून सत्तर लिटरच्या आसपास होते, बादली लहान घेऊ नका, माझी उतू गेली). गांडूळखत शंभर किलो १,२००. माती ४००, निंबोळी पेंड पाच किलो २२५, बियाणं आणि रोपं ५४०. लिफ्टमधून माती न्यायला मनाई, म्हणून वर चढवायची मजुरी ६००. हे झाले ९,२९५. उन्हाळ्यात शेडनेट, बांबू आणि सुतळीचे २,४५० वाढले. अनामत वेगळी. या पैशात बाजारातून किती भाजी आली असती हा हिशेब नवऱ्याने केला होता. मी तो इथे देत नाही.

नागपूरची थंडी मात्र माझ्यासाठी नवलाई होती. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायावर चादर ओढायची. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराला येतो, कधी त्याच्याही खाली. १८ नोव्हेंबरला मेथी, पालक आणि कोथिंबीर पेरली. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाका केले, रात्रभर भिजवले. मेथी चौथ्या दिवशी वर. कोथिंबिरीने नवव्या दिवशी तोंड दाखवलं. २० तारखेला वाटाणा टोकला, आयुष्यात पहिल्यांदा. गुहागरला वाटाणा म्हणजे दुकानातला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेंगा भरल्या, सगळ्या मिळून किलोभर निघाल्या असतील, त्यातल्या अर्ध्या गच्चीवरच संपल्या. गाजरं बोटाएवढी झाली, कारण मी ती विरळ केली नाहीत. जीव होत नव्हता उपटायला. विरळ करा.

कोथिंबिरीवरून आमच्या चौकातल्या भाजीवाल्या मावशींशी ओळख झाली. पहिल्या महिन्यात मी त्यांना “कोथिंबिरीची जुडी द्या” म्हटलं की त्या लेकीला ओरडून सांगायच्या, “ताईले सांबार दे!” आणि मला वाटायचं, माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणी तरी सांबारासाठी काही मागितलंय. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडी म्हणतात तीही कोथिंबिरीचीच. टोमॅटोला भेदरं. वालाच्या ओल्या शेंगा म्हणजे पोपट. बियांच्या पाकिटांवर मी नावं लिहायचे आणि त्या वाचून हसायच्या.

त्याच डिसेंबरात वहीने दुसऱ्यांदा दगा दिला. वहीत लिहिलंय, ‘मार्गशीर्षात उन्हाळी पडवळ, काकडी लावली, विहिरीचं पाणी.’ किनाऱ्यावर ते चालतं, तिथे हवा उबदारच असते. मी इथे १५ डिसेंबरला बिया टोकल्या. बारापैकी तीन उगवल्या आणि दोन पानांवर जानेवारी संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या. वेलवर्गीय भाज्यांना जमीन गार लागली की त्या हलत नाहीत. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “शिवरात्र होऊ द्या जी, मंग लावा.” महाशिवरात्र ८ मार्चला होती. ९ तारखेला दोडकी आणि चवळी लावली. सहाव्या दिवशी उगवली.

मग उन्हाळा. इथे मला जरा रेंगाळायला हवं, कारण सगळं शिकले ते इथे, आणि सगळं मेलं तेही इथेच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कोथिंबिरीने दांडा काढून फुलं धरली. एप्रिलमध्ये टोमॅटोची झाडं हिरवीगार, फुलांनी लगडलेली, पण फळ एकही नाही. फुलं देठाशी पिवळी होऊन गळायची. मी पाणी वाढवलं, मग खत घातलं, मग मिठाची दृष्टही काढून झाली. कारण साधं होतं. दिवसा पारा पस्तिशीच्या वर राहिला आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फूल रिकामं गळतं. खत घालून ते थांबत नाही. टोमॅटो इथे थंडीत खायचा.

एके दिवशी दुपारी चारला स्वयंपाकातला थर्मामीटर काळ्या ग्रो बॅगच्या कडेला मातीत खुपसून पाहिला. सत्तेचाळीस. वरून मी सावली केली होती, पण पिशवीच्या बाजूला ऊन लागत होतं आणि खालचा स्लॅब तव्यासारखा तापला होता. मुळं उकडत होती. धान्याच्या दुकानातून जुनी तरटं आणली, दहा रुपयाला एक, पिशव्यांभोवती गुंडाळली, ती सकाळी ओली करायची. वर वाळक्या पाल्याचं चार बोटं आच्छादन. तीन दिवसांनी त्याच वेळी, त्याच पिशवीत छत्तीस. सगळ्या उन्हाळ्यात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही. शेडनेट पन्नास टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं घ्या. पंचाहत्तरचं लावलेल्या शेजारच्या इमारतीतल्या बाईंची भेंडी नुसती उंच होत गेली.

आता माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा. नागपुरात घरोघरी कूलर. आमच्या कूलरच्या टाकीतलं पाणी दर चार दिवसांनी बदलावं लागतं, आणि बदलताना वीस-पंचवीस लिटर गटारात. कोकणात मे महिन्यात विहिरीचा तळ पाहिलेल्या माणसाला ते कसं बघवेल? मी ते पाणी बादलीने गच्चीवर नेऊन झाडांना घालायला लागले. स्वतःवर खूश होते. पंधरा दिवसांत पुदिन्याच्या पानांच्या कडा तपकिरी, वांग्याची टोकं जळकी, मातीवर पांढरी साय. बोटावर घेऊन जिभेला लावली, खारट. आमच्याकडे बोअरचं पाणी, मुळातच जड. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात, रोज नवं पाणी, रोज नवे क्षार. चार दिवसांनी टाकीत उरतं ते मिठागर. त्या पाण्याने फरशी पुसा, झाडांना घालू नका. मग पिशव्यांत महापालिकेच्या नळाचं पाणी भरपूर ओतून, खालून वाहून जाऊ देऊन, क्षार धुतले. अकरा पिशव्यांतली झाडं वाचली नाहीत.

लाल कोळी ही कीडही याच काळात आली. कोकणात माझे शत्रू म्हणजे बुरशी आणि गोगलगायी, सगळं ओलाव्याचं लचांड. इथे कोरड्या हवेत पानांच्या मागे धुळीसारखे बारीक ठिपके आणि जाळी. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं हे ठीकच. पण त्याहून गुण आला तो पानं उलटी करून साध्या पाण्याचा फवारा मारण्याने, रोज पहाटे. या किड्याला कोरडं आवडतं.

मी मावशींना रडगाणं सांगितलं तेव्हा त्यांनी पाटीतून एक मूठभर जमिनीलगत पसरणारी, बारीक जाड पानांची भाजी उचलून दिली. “हे चिवळ. देठं टोचा मातीत. उन्हायात सांबार होत नाही ताई, कायले बी वाया घालता?” चिवळ घोळीच्या भाऊबंदांतली. पानांत पाणी साठवते, उन्हाची तिला फिकीर नाही. देठं खोचली, सहाव्या-सातव्या दिवशी पसरायला लागली. तुरीच्या डाळीत घालून भाजी केली, जराशी आंबूस. गवार, चवळी आणि भेंडी टिकली. बाकी पिशव्या मी रिकाम्या ठेवल्या, हे ठरवायलाच मला मे उजाडला. कोकणात परडं रिकामं ठेवायची वेळ कधी येत नाही, त्यामुळे माती नुसती झाकून ठेवणं हेही काम असतं हे पटत नव्हतं.

मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. ३० मेला संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर बातमी, नागपुरात छप्पन अंश! एका स्वयंचलित केंद्राने खरोखर तेवढी नोंद केली होती. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. आईचा गुहागरहून फोन: “अगो, तुम्ही शिजलात की काय?” म्हटलं, नाही गो, मशीन बिघडलं होतं. “मग किती आहे?” पंचेचाळीस म्हटल्यावर ती काही बोललीच नाही.

त्या दिवशी गच्चीवर मोजलं. सव्वीसपैकी नऊ पिशव्यांत हिरवं होतं.

पाऊस आला आणि जुलैच्या मध्यावर ज्याची भीती होती ते झालं. वरच्या मजल्यावरच्या एका घरात छताला ओल. ताटाएवढा डाग. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर फोटो, खाली “गार्डनिंगचा परिणाम.” दुपारपर्यंत पिशव्या हलवायचं फर्मान. मी हलवल्या, वाद घातला नाही. नवरा आणि मी, दोन संध्याकाळी, भिजलेल्या सव्वीस पिशव्या जिन्याच्या माथ्यावर. मग नोव्हेंबरमध्ये काढून ठेवलेले फोटो दाखवले. त्याच छताच्या त्याच कोपऱ्यात, तेव्हाही, फिकट पिवळी कड दिसत होती. इंजिनियर पुन्हा आले, दीड हजार घेतले. टाकीकडून येणाऱ्या पाइपभोवतीचा सांधा उघडा पडला होता, माझ्या पट्ट्यापासून बारा फुटांवर. तो भरला, डाग वाढायचा थांबला. बारा दिवसांनी पिशव्या परत जागेवर. ग्रुपवर त्याविषयी कुणी काही लिहिलं नाही, पण त्या घरातल्या काकू एका संध्याकाळी वर आल्या आणि न बोलता भेंडीवरचा मावा पाण्याने धुवायला लागल्या.

ऑक्टोबरमध्ये मुदत संपली. नूतनीकरणाला पुन्हा अर्ज, पुन्हा मालकांचं पत्र (या वेळी आधीच टाइप करून), पुन्हा हमीपत्र. नेमका त्याच महिन्यात राज्यात शंभराचा स्टॅम्पपेपर बंद होऊन पाचशेचा झाला. नोटरीच्या टेबलाशी मी हुज्जत घालत होते आणि ते शांतपणे अध्यादेशाची झेरॉक्स दाखवत होते. इंजिनियरचं जुलैचं पत्र चाललं, अनामत पुढे ओढली, एकवीस दिवसांत काम झालं. पहिल्या खेपेच्या मानाने विमानच म्हणायचं. या वेळी अर्जावर तीन घरांच्या सह्या होत्या.

आणि या वेळी मी नवी वही घातली. शंभरपानी, पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे दुपारचं तापमान, मधे काय केलं ते. ‘होळीनंतर टोमॅटो काढून टाकणे.’ ‘मे: तेरा पिशव्या झाकून.’ ‘मृग बघू नये, पाऊस बघावा.’

डिसेंबरात आई पहिल्यांदा नागपूरला आली. स्वेटर घालून, वर शाल, डोक्याला मफलर, अशी ती सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसली. मेथी खुडून झाली, वाटाण्याची फुलं बघून झाली. मग तिने माझी वही मागितली. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला लागली, बोट ओळीवर फिरवत. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

“हे काय लिहिलंस गो? ‘दहा नोव्हेंबर, सांबार पेरलं’? सांबार झाडाला लागतं होय इथे?”